दारू, दोन जुनी प्रकरणे आणि अमेरिकेतील सिक्युरिटी क्लिअरन्स: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

नमस्कार. उत्तर इतरांच्याही उपयोगी पडावे म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तुम्ही मूळचे पुण्याचे. २०१९ मध्ये अमेरिकेचे नागरिक झालात आणि आता उत्तर व्हर्जिनियात राहता. संरक्षण खात्याची कामे घेणाऱ्या एका कंपनीने तुम्हाला नोकरी देऊ केली आहे आणि त्या कामाला सीक्रेट पातळीचा सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळण्याची सरकारी परवानगी, लागतो. साधारण दीड वर्षापूर्वी मित्राकडच्या पार्टीहून परतताना पोलिसांनी तुमची गाडी थांबवली, तपासणीत मद्याचे प्रमाण ०.११ निघाले आणि डीयूआयचा, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याचा, आरोप ठेवला गेला. तुमच्या वकिलाने तडजोड करून तो रेकलेस ड्रायव्हिंगवर, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवण्याच्या आरोपावर, आणला. न्यायालयाने दंड केला, कैदेची शिक्षा चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर स्थगित ठेवली आणि व्हीएसॅप, म्हणजे मद्यपी चालकांसाठीचा राज्याचा कार्यक्रम, पूर्ण करायला सांगितले. तो तुम्ही पूर्ण केलात. त्या कार्यक्रमातून ज्या परवानाधारक समुपदेशिकेकडे तुम्हाला पाठवले गेले, तिने ‘सौम्य अल्कोहोल यूज डिसऑर्डर’ (मद्यपानाचा विकार) असे निदान लिहिले आणि दारू पूर्ण बंद ठेवण्याचा सल्ला दिला. तुम्ही लिहिता की आता फक्त शनिवार-रविवारी दोन बिअर घेता. शिवाय २०११ मध्ये पुण्यात दारू पिऊन गाडी चालवताना नाकाबंदीत सापडून तुम्ही न्यायालयात दोन हजार रुपये दंड भरला होता. मित्राचे म्हणणे असे की सात वर्षांहून जुने आणि तेही भारतातले प्रकरण कोणी शोधत बसणार नाही, तेव्हा ते क्लिअरन्सच्या अर्जात लिहू नका. या सगळ्यावर तुमचा प्रश्न एकच आहे: क्लिअरन्स मिळेल का?

मी या क्षेत्रात वकिली करते, त्यामुळे हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे सतत येतो. तुमची कागदपत्रे मी पाहिलेली नाहीत, म्हणून पुढचे सारे तुम्ही सांगितलेल्या हकिकतीवर आधारलेले आहे. एखाद्या कागदावर वेगळे काही निघाले तर माझे मतही बदलेल. तरीही एक गोष्ट आत्ताच सांगता येते. तुम्हाला डीयूआयची धास्ती वाटते आहे, पण तुमच्या प्रकरणात सर्वांत जास्त नुकसान करू शकतील अशा गोष्टी दोन आहेत: शनिवार-रविवारच्या दोन बिअर आणि मित्राचा सल्ला. दीड वर्षापूर्वीची अटक आता बदलता येणार नाही, पण या दोन्ही गोष्टी अजून तुमच्या हातात आहेत.

आधी निर्णय कोणत्या चौकटीत होतो ते पाहू. ८ जून २०१७ पासून सर्व संघराज्य खात्यांना ‘सीड-४’ या निर्देशातील निकष लागू आहेत. त्यात ए पासून एम पर्यंत तेरा निकष आहेत. मद्यपानाचा निकष जी, गुन्हेगारी वर्तनाचा जे आणि प्रामाणिकपणा व वैयक्तिक वर्तनाचा ई. प्रत्येक निकषात आधी शंका निर्माण करणाऱ्या बाबी दिल्या आहेत आणि नंतर ती शंका कमी करणाऱ्या बाबी. शेवटी अर्जदाराचा समग्र विचार होतो: घटना किती गंभीर होती, किती वेळा घडली, त्या वेळी वय काय होते, त्यानंतर काय सुधारणा झाली आणि तेच पुन्हा घडण्याची शक्यता किती. इथे तुम्हाला पुन्हा शिक्षा करण्याचा प्रश्नच नसतो. गोपनीय माहिती हातात असताना उद्या तुमची सारासार बुद्धी ठिकाणावर राहील का, एवढाच अंदाज निर्णय अधिकारी बांधत असतो.

या अंदाजात संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही, आणि आपल्या लोकांना ही गोष्ट पटवून देणे मला सर्वांत कठीण जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये ‘नौदल खाते विरुद्ध ईगन’ या खटल्यात हे स्पष्ट केले. तो खटला तुमच्या प्रश्नाशी इतका जुळतो की थोडे तपशिलात जाते. थॉमस ईगन वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टन येथील ट्रायडेंट पाणबुड्यांच्या नौदल केंद्रात कामगार होता. मारहाणीची आणि गुन्हेगार असूनही बंदूक बाळगल्याची शिक्षा त्याच्या नोंदीत होती, पूर्वी दारूची समस्या असल्याचे त्याने स्वतः सांगितले होते आणि एका शिक्षेचे शेवटचे २८ दिवस त्याने व्यसनमुक्ती कार्यक्रमात काढले होते. शिवाय आणखी दोन जुन्या शिक्षा त्याने अर्जात लिहिल्या नव्हत्या. त्याने बचाव असा केला की गुन्ह्यांची शिक्षा मी भोगली आहे, सात वर्षांहून जुन्या गोष्टी अर्जात विचारल्या आहेत असे मला वाटले नाही आणि गेली तीन वर्षे दारूचा त्रास नाही. वरिष्ठांनी त्याच्याविषयी चांगले लिहूनही दिले होते. तरीही क्लिअरन्स नाकारला गेला आणि नोकरी गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले तेव्हा न्यायालयाने म्हटले की क्लिअरन्सवर कोणाचाही हक्क नसतो, आणि चूक व्हायचीच असेल तर ती नकाराच्या बाजूने व्हावी. नाकारण्याचा निर्णय गुणवत्तेवर योग्य होता की अयोग्य, यात बाहेरच्या मंडळाने शिरायचे नाही, हेही त्याच निकालाने ठरले. म्हणून आपली बाजू सिद्ध करण्याचे ओझे पहिल्या दिवसापासून अर्जदारावर असते, असे धरूनच चालावे.

आता मद्यपानाचा निकष. दारू पिऊन गाडी चालवण्याची एकच घटनाही त्यात शंका निर्माण करायला पुरेशी आहे. निदान झालेले असो वा नसो. मात्र एकच घटना असेल, तिला काळ लोटला असेल आणि माणूस त्यानंतर सावरला असेल, तर ती शंका बऱ्याचदा दूर होते. असे अनेक अर्जदार मी पाहिले आहेत. तुमचे प्रकरण त्याच्या पुढे गेले आहे ते निदानामुळे. पात्र वैद्यकीय किंवा मानसोपचार व्यावसायिकाने केलेले निदान ही त्या निकषात स्वतंत्र बाब आहे आणि निदानानंतर उपचारकर्त्याच्या सल्ल्याविरुद्ध पिणे ही आणखी एक स्वतंत्र बाब आहे. दोन बिअरमुळे कोणाची बुद्धी भ्रष्ट होते असे कोणी म्हणत नाही. पण समुपदेशिकेच्या कागदावर ‘पूर्ण बंद’ असे लिहिलेले आहे, आणि तो कागद तपास अधिकाऱ्याच्या हाती जाणार आहे, कारण वैद्यकीय नोंदी पाहण्याची संमती तुम्हालाच सही करून द्यावी लागेल. मग आक्षेप निघून प्रकरण सुनावणीपर्यंत गेले, तर तिथे सरकारी वकील साधे प्रश्न विचारतो. ‘निदान केव्हा झाले?’ ‘सल्ला काय होता?’ ‘शेवटचे मद्य केव्हा घेतलेत?’ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘गेल्या शनिवारी’ असे आले की अर्जदाराची बाजू तिथेच लंगडी पडते. नशेत होता की नव्हता हा मुद्दाच राहत नाही. समुपदेशिकेने घातलेले बंधन ज्याने स्वतःच्या सोयीने शिथिल केले, तो गोपनीयतेची बंधनेही तशीच शिथिल करील का, हा प्रश्न उरतो.

निदान चुकीचे आहे असे तुम्हाला मनापासून वाटत असेल तर त्यालाही मार्ग आहे. डीएसएम-५ या मानसोपचाराच्या निदानपुस्तिकेत अकरा लक्षणे दिली आहेत. त्यांपैकी दोन किंवा तीन एका वर्षात दिसली तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम आणि सहा किंवा अधिक असतील तर तीव्र असे निदान होते. म्हणजे सौम्य निदानाला फार थोडी लक्षणे पुरतात, आणि न्यायालयाने पाठवलेल्या रुग्णाच्या बाबतीत एकाच भेटीत ते झालेले असू शकते. व्यसनांचा अनुभव असलेल्या मनोविकारतज्ज्ञाकडून स्वतंत्र मूल्यमापन करून घ्या. त्याला पोलिसांचा अहवाल, व्हीएसॅपची कागदपत्रे आणि पुण्याची घटना हे सगळे द्या. अर्धी माहिती देऊन मिळवलेला अनुकूल अहवाल सुनावणीत टिकत नाही. ‘हे तुम्हाला सांगितले होते का?’ एवढ्या एका प्रश्नाने तो कोसळतो. हा अहवाल हाती येईपर्यंत मात्र पहिला सल्लाच पाळायचा, म्हणजे दारू बंद.

दारू बंद केल्यावर ते सिद्धही करावे लागते. ‘मी सोडली’ हे वाक्य सगळेच म्हणतात. पेथ नावाची रक्तचाचणी असते. शरीरात मद्य असतानाच तयार होणारा एक पदार्थ तीत मोजला जातो आणि मागच्या काही आठवड्यांतले पिणे त्यातून कळते. ठरावीक अंतराने केलेल्या अशा चाचण्यांची मालिका माझ्या मते शपथपत्रांच्या चळतीपेक्षा जास्त बोलते. त्याबरोबर समुपदेशन चालू ठेवा, आणि एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) किंवा दारू सोडणाऱ्यांच्या तत्सम गटात जात असाल तर हजेरीची नोंद ठेवा. नियमात किती महिने बंद हवी असा आकडा कुठेही नाही. पण डीएसएम-५ प्रमाणे लक्षणांविना बारा महिने गेले की विकार दीर्घकाळ शमला असे धरतात, त्यामुळे वर्षभराचा पुरावा हाती असला की बोलणे सोपे होते असा माझा अनुभव आहे. ‘पुन्हा प्यालो तर क्लिअरन्स आपोआप रद्द व्हावा’ अशी लेखी हमी लोक हौसेने जोडतात. तसा उल्लेख अमली पदार्थांच्या निकषात आहे, मद्याच्या निकषात नाही. हमी द्यायला हरकत नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका.

इथे एक गोष्ट आपल्या समाजाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. समुपदेशकाकडे गेल्याची नोंद झाली तर क्लिअरन्स बुडेल, आणि मंडळात कळले तर लोक काय म्हणतील, या दुहेरी भीतीने आपली माणसे मदत घेत नाहीत. या निकषांत उपचार घेणे ही अर्जदाराच्या बाजूची गोष्ट आहे. उपचार अर्धवट सोडणे आणि सल्ला धुडकावणे या विरोधातल्या गोष्टी आहेत. पत्नी किंवा पती घरातले सगळे पाहत असतात, म्हणून त्यांचे निवेदन फार मोलाचे ठरते. पण ते देण्यासाठी घरात ही गोष्ट मोकळेपणी बोललेली असावी लागते, आणि अनेक घरांत तीच बोललेली नसते. मित्रांच्या आणि वरिष्ठांच्या पत्रांचेही तसेच आहे. ‘अत्यंत सज्जन, कष्टाळू गृहस्थ’ असे लिहिणाऱ्याला अटकेची माहितीच नसेल तर त्या पत्राला किंमत राहत नाही. अटक, निदान आणि त्यानंतरचा बदल माहीत असून जो लिहील, त्याचेच पत्र घ्या. अशी दोन-तीन पत्रे पुरतात.

गुन्हेगारी वर्तनाच्या निकषाविषयी थोडक्यात. आरोप सौम्य झाला म्हणून मूळ वर्तन सौम्य होत नाही. या निकषात आरोप ठेवला गेला, खटला चालला किंवा शिक्षा झाली, यांपैकी काहीही आवश्यक नाही. विश्वासार्ह पुरावा पुरतो. त्यामुळे ‘रेकॉर्डवर तर फक्त रेकलेस आहे’ हा युक्तिवाद करू नका. त्याने काही साधत नाही आणि तुम्ही जबाबदारी टाळता आहात असे मात्र दिसते. (व्हर्जिनियात रेकलेस ड्रायव्हिंग हाही पहिल्या वर्गाचा मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, आहे, साधे चलान नव्हे.) चांगल्या वर्तणुकीची मुदत संपली का, हे तुम्ही लिहिलेले नाही. प्रोबेशनवर, म्हणजे न्यायालयाच्या देखरेखीच्या अटींखाली, असणे ही शंका निर्माण करणारी स्वतंत्र बाब आहे, म्हणून न्यायालयाचा आदेश काढून तारीख पाहा आणि सर्व अटी पूर्ण झाल्याचा दाखला घ्या. वर्षाहून अधिक प्रत्यक्ष तुरुंगवास भोगलेल्यांना विशेष गोपनीय माहितीपासून दूर ठेवणारा २००८ चा बाँड दुरुस्ती कायदा आहे. त्याचा तुमच्याशी संबंध नाही. सुधारणा दाखवताना केवळ काळ गेला एवढे पुरत नाही. सलग नोकरी, पाळलेल्या अटी, शिक्षण आणि समाजात केलेले काम यांनाही वजन असते.

आता पुण्याचे प्रकरण. क्लिअरन्ससाठी भरायच्या एसएफ-८६ या अर्जात पोलीस नोंदींचे काही प्रश्न सात वर्षांपुरते आहेत, हे तुमच्या मित्राने बरोबर सांगितले. पण त्याच विभागात ‘आजवर कधीही’ असा वेगळा प्रश्न आहे, आणि मद्य किंवा अमली पदार्थांशी संबंधित गुन्ह्याचा आरोप त्यात विचारलेला आहे. देश कोणता, याने फरक पडत नाही. तीनशे डॉलरपेक्षा कमी वाहतूक दंड लिहू नये अशी सवलत आहे, पण त्यात मद्याचा संबंध असेल तर ती लागू होत नाही. नोंद सील झाली, पुसली गेली किंवा प्रकरण निकाली निघाले तरी लिहायचे, असे अर्जातच म्हटले आहे. अपवाद फक्त अमली पदार्थांच्या काही संघराज्य प्रकरणांचा. पुण्यातले ते प्रकरण मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खालचे असणार, म्हणजे रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य. ते मद्याशी संबंधितच आहे. तेव्हा ते लिहायचे.

‘कोण शोधणार’ हा प्रश्नच मी बाजूला ठेवते. तपास अधिकारी तुम्हाला समोर बसवून विचारील की याआधी असे कधी घडले होते का. व्हीएसॅपच्या पहिल्या मुलाखतीत तुम्ही पुण्याचे सांगितले असेल तर ते तिथल्या कागदावर आलेले आहे. जुन्या दंडाची घटना निर्णय अधिकारी समजून घेऊ शकतो, पण जाणूनबुजून केलेली लपवाछपवी ई निकषाखाली येते आणि तिचा डाग दारूच्या घटनेपेक्षा जास्त काळ राहतो. संघराज्य सरकारला खोटी माहिती देणे हा स्वतंत्र गुन्हाही आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आणि इथेच एक मुद्दा आहे जो तुमच्या प्रश्नात नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी त्याची वाटते. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात तुम्हाला जगात कुठेही अटक झाली, ताब्यात घेतले किंवा चलान झाले आहे का, असे विचारले होते. तिथे पुण्याचे प्रकरण लिहिले होते का? लिहिले असेल तर उत्तम; तीच माहिती त्याच तारखांसह इथेही जाईल. लिहिले नसेल तर एसएफ-८६ भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला प्रत्यक्ष भेटा, आणि या विषयावर इथे जाहीरपणे आणखी काही लिहू नका. दोन सरकारी अर्जांत दोन वेगळी उत्तरे असणे ही क्लिअरन्सच्या पलीकडची गोष्ट आहे. मी घाबरवत नाही. अशी विसंगती का घडली याचे प्रामाणिक स्पष्टीकरण असू शकते, पण ते कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत मांडायचे हे वकिलासमोर बसूनच ठरवले पाहिजे. दरम्यान पुण्यातल्या नातेवाइकाला सांगून न्यायालयातून निकालाची नक्कल काढायला अर्ज द्या. जुनी फाइल नष्ट झाली असेल तर तसे लेखी उत्तर मागून घ्या. तोही पुरावाच असतो.

मग नोकरीचे काय? क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही, कंपनीने पुरस्कृत करावे लागते, आणि निर्णय विरोधात गेला तर साधारण एक वर्ष पुन्हा अर्ज करता येत नाही. सध्याच्या स्थितीत, म्हणजे सल्ल्याविरुद्ध पिणे चालू असताना, तुम्ही अर्ज केलात तर तो नाकारला जाण्याचीच शक्यता मला जास्त दिसते. आजपासून पूर्ण बंद करून, स्वतंत्र मूल्यमापन घेऊन आणि दोन्ही घटना स्वतः लिहून अर्ज केलात, तर अंतरिम क्लिअरन्स, म्हणजे तपास चालू असतानाची तात्पुरती परवानगी, बहुधा मिळणार नाही, पण तपास संपेपर्यंत काही महिन्यांचा पुरावा साठलेला असेल आणि बाजू मांडण्यासारखी असेल. कंपनी थांबायला तयार असेल तर थांबणे शहाणपणाचे; नसेल तर ही नोकरी सोडून देण्याचाही विचार गंभीरपणे करा. हे ऐकायला कठीण आहे, पण फाइलमधला नकार पुढच्या प्रत्येक अर्जात विचारला जातो.

अर्ज केलातच आणि आक्षेप निघाले, तर तुमच्याकडे ‘स्टेटमेंट ऑफ रीझन्स’, म्हणजे आक्षेपांची लेखी यादी, येईल. तुम्ही कंत्राटदार कंपनीचे कर्मचारी असाल, त्यामुळे प्रकरण संरक्षण खात्याच्या सुनावणी व अपील कार्यालयाकडे, आम्ही ज्याला डोहा म्हणतो तिकडे, जाईल. उत्तराला वीस दिवस मिळतात. त्यात प्रत्येक आरोप मान्य की अमान्य हे शपथेवर वेगवेगळे लिहायचे असते. सरसकट नकार चालत नाही. केवळ कागदावर निर्णय द्या असेही म्हणता येते, आणि संकोचापोटी आपले लोक तोच पर्याय निवडतात. तुमच्यासारख्या प्रकरणात मी सुनावणी मागायला सांगेन, कारण माणूस खरोखर बदलला आहे का, हे न्यायाधीशाला समोर पाहून आणि प्रश्न विचारूनच नीट कळते, आणि पत्नीची साक्षही तिथे होऊ शकते. निकालाविरुद्ध अपिलाची सूचना पंधरा दिवसांत द्यावी लागते, पण अपील मंडळ नवा पुरावा घेत नाही. म्हणून चाचण्या, अहवाल, न्यायालयाचे दाखले आणि पुण्याची नक्कल हे सगळे सुनावणीच्या दिवसापर्यंत नोंदीत आलेले असले पाहिजे.